डोक्यावर रेघ नाही

सूरसागरच्या मागच्या वाचनालयात
खालून दुसरा कप्पा माझा.
तिथे खून होतात, पण बेताचे.
परदेशातल्या कुठल्याशा खेड्यात
बेकरीवाली बाई सकाळी दुकान उघडते
आणि मैद्याच्या पोत्यामागे कुणाचे तरी पाय दिसतात.
ती किंचाळते, पोलिसांना फोन करते,
पण भट्टीतला केक करपू देत नाही.
म्हणून मला ती आवडते.

प्रकरण संपलं की खाली एक कृती.
दोन संशयित, आणि लिंबाचा केक.
एक खोटी साक्ष, आल्याची बिस्किटं.
रात्री वाचते, रविवारी भाजते,
अंड्याऐवजी दही,
वरच्या हंसाबेन शाहांना चार तुकडे द्यायचे असतात.

ऑगस्टात, पान एकशे चौदा,
समासात पेन्सिलीनं कुणीतरी:
'साखर फार. पाऊण वाटी बस.'
पुढच्या पुस्तकात:
'पस्तीस मिनिटांत कच्चा राहतो.'
खुन्याचं नाव मात्र कुठेच फोडलेलं नाही.
सभ्य माणूस.

मी वही काढली.
अक्षर मराठी, पण डोक्यावर रेघ नाही,
पाचाचा आकडा थेट 'प'सारखा.
म्हणजे घरी मराठी, शाळा गुजराती.
म्हणजे अर्धा दांडिया बाजार.
मग एका केकपाशी:
'कुकरची शिटी, रिंग काढा. तळाला मीठ पसरा.'
म्हणजे घरात ओव्हन नाही,
किंवा आहे, पण वापरायची चोरी.

प्रफुल्लाबेनवर संशय होता,
शिक्के मारताना त्या फार निष्पाप दिसतात.
पण त्यांना डायबिटीस, चहासुद्धा फिका.
फणसे मास्तर तर आधी रेघ मारतात,
मग तिला एकेक अक्षर टांगतात.
सुटले.

नोव्हेंबरात जिन्यावर हंसाबेन म्हणाल्या,
'रविवारनो सारोज होय छे, पण बुधवारनो तो—'
आणि गप्प झाल्या,
पिशवीतली मेथी नीट करू लागल्या.

बुधवारी मी कारेलीबागेत असते,
शाळेचे हिशेब तपासायला, दहा ते चार.

घरी आले. माळ्यावरचा जुना कुकर उतरवला.
तळ निळाकाळा,
कडेला करड्या मिठाची खपली.
भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब,
बारा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर:
पाच तारीख, 'प' लिटर.

कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं
रात्रपाळीला तापमानाच्या काट्यांवर नजर ठेवून
निवृत्त झालेला माणूस,
मी पुस्तक उघडलं की म्हणतो,
'खुनाबिनाचं काय वाचतेस गं,'
आणि कूस वळवतो.

पुस्तकातली बाई अशा वेळी
सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावते,
एकेकाकडे बघत बोलते, शेवटी बोट दाखवते.
आमच्या दिवाणखान्यात दोनच खुर्च्या,
एकीवर मी.
शिवाय खुनी सापडला
की पुस्तक परत करावं लागतं.

डिसेंबरात संत्र्याच्या केकपाशी
मी ठळक रेघ ओढून लिहिलं:
'साल किसून घालावी का?'
पुस्तक वेळेआधी परत केलं.
तीन आठवडे ते कपाटात नव्हतं.
आलं तेव्हा खाली उत्तर, बिनरेघी:
'हो. पांढरं येऊ देऊ नका, कडू होतं.'

देऊ नका.
बत्तीस वर्षांत मला कुणी अहोजाहो केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी चहा ओतताना
हेरंब एवढंच म्हणाला,
खंडेराव मार्केटात संत्री उतरलीत,
आणू का दोन किलो?
त्याच्या बाहीवर, कोपराजवळ,
पिठाचा एक ठसा होता.
आण म्हटलं.
ठसा मी झटकला नाही.