टंकलेखकाचा जबाब

मी सुपडू त्र्यंबक शिंपी, वय एकाहत्तर,
एरंडोल कोर्टाच्या आवारात, निंबाखाली,
बेचाळीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी टाइप करत आलो.
माझ्या यंत्राचा ह अडकतो. पहिल्यापासून.
म्हणून हिलाल उखाजी सोनवणे हे नाव
मला कधी एका दमात उठवता आलं नाही.

तेव्हा ते नुसते हिलालभाऊ.
एकच कोट, तोही सासऱ्यांनी शिवून दिलेला,
मे महिन्यात त्याच्या काखेत मीठ फुटायचं.
फी म्हणून कुणी तूर आणी, कुणी बिबड्या.
एकाने कोंबडी आणून बाकाला बांधली,
ती ऐन साक्षीत ओरडली.
जज्जसाहेब हसले. बस, तेवढंच आठवतं त्या केसचं.

ठगूबाई भिलची मात्र सगळी आठवते.
नाव ठगूबाई, आणि ठगवलं तिलाच:
कोऱ्या कागदावर अंगठा,
नि गट नंबर तीनशे बारा दुसऱ्याच्या नावावर.
समोरच्या वकिलाने विचारलं, चतुःसीमा सांगा.
ती गप्प. पदराचं टोक चावत राहिली.
हिलालभाऊ उठले,
"माय, तुना वावरना उगवतीले काय शे?"
समोरचा हरकत घेतोय, घेतोय,
आणि ही बोलत सुटली,
उगवतीला नाला, मावळतीला सासरा पुरला ती बोर,
खाली मुरूम, वर काळी, मधे एक खडक,
त्यावर पोरं घसरायची.
अकरा वर्षं लागली.
तीन, एक, दोन या कळांवरचे आकडे
माझ्याच बोटांनी पुसले गेले.

मग ते उभे राहिले. अपक्ष.
आयोगाने चिन्ह दिलं, टाइपरायटर.
माझंच यंत्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून
गावोगाव फिरवलं, झेंडूचा हार घालून.
एकोणीसशे सहा मतांनी आले.
हारातला दोरा महिनाभर रिबिनीत अडकत होता.

अपक्ष ते पंधरा दिवस होते.
मग पक्ष, मग बंगला, मग राज्यमंत्री.
कोर्टात म्हणायचे, "माझं म्हणणं असं की".
आता म्हणायचे, "तपासून पाहू".
मी एकदा मंत्रालयात गेलो होतो, खोटं कशाला बोलू,
पुतण्याच्या नोकरीसाठी.
चहा पाजला, चांगला बोलला माणूस.
पुतण्या अजून सुरतेला आहे.

तहसीलच्या फलकावर राजपत्र लागलं त्या दिवशी
छेचाळीस डिग्री होतं.
औद्योगिक क्षेत्रासाठी संपादन. खाली यादी.
तीनशे अकरा. तीनशे बारा. तीनशे तेरा.
वर त्यांच्याच खात्याचं नाव.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
त्यांना आकडा आठवला नसेल,
किंवा यादी वाचलीच नसेल.
दोहोंतलं बरं कुठलं, हे मी अजून ठरवतोय.

पुढच्या खेपेला पडले.
परत आले तेव्हा कोटाची बटणं लागेनात.
बाररूममध्ये पोरं उठून उभी राहिली,
आणि लगेच मोबाइलकडे वळली.

मग ठगूबाई आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे जुने कागद घेऊन.
मंत्री कोण, आमदार कोण, तिच्या गावीही नव्हतं.
"वकीलभाऊ, तारीख कव्हय शे?"

ते बराच वेळ निंबोळ्या बघत बसले,
एक बुटाने चिरडली.
मग म्हणाले, "सुपडू, कागद लाव.
सहीला दुसरा वकील शोधू, माझी चालणार नाही.
अर्जदार, ठगूबाई सुकलाल भिल.
विरुद्ध. एक, महाराष्ट्र शासन.
दोन, तत्कालीन राज्यमंत्री."
मी थांबलो.
"नाव लिही," ते म्हणाले. "पूर्ण लिही."

ह अडकला.
बोटाने सोडवला, पुन्हा मारला, पुन्हा अडकला.
त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं.
जागा मी सोडलेली होती.