वेल्काचे तीन गुण

पडद्यावर पाटी आली: वेल्काची पातळी वाढली.
तीन गुण शिल्लक. कोणत्या हत्याराला द्यायचे?

दुपारचे अडीच, आणि खिडकीबाहेर काळोख.
आखात गोठलंय. बर्फ खरवडणारी गाडी
पिवळा दिवा फिरवत गेली, पुन्हा आली.
मी कॉफी ओतून घेतली, तिसरी.

तलवार: दोन. भाला: शून्य.
परशू: एक. तो मीच दिला होता, घाईत, पुलावरच्या झटापटीत,
आणि तिला तो पेलत नाही; दर वारानंतर कलते.
धनुष्य: शून्य. ढाल: एक.
यादीच्या अगदी तळाशी
गोफण: शून्य.

बहिणीचा मुलगा ओत्सो ओउलूहून फोनवर सांगतो,
"मामा, सगळे गुण एकाच हत्यारात ओत.
थोडं इकडे थोडं तिकडे केलंस
तर शेवटच्या किल्ल्यात पहिल्या दारातच मरेल ती."

खरं असेल.
मीही तसंच केलं होतं.
एकतीस वर्षं एकाच यंत्रावर, तीन नंबरच्या.
ओल्या कागदाचा पट्टा तुटायच्या आधी
सूर किंचित बदलतो. तो मला
जेवणघरात, दोन भिंतींपलीकडून कळायचा.
तोंडातला घास तसाच ठेवून धावायचो.
त्या कानाला सगळे गुण दिले.
मग गिरणी बंद झाली. यंत्राचे सुटे भाग
क्रमांक घालून पेट्यांत भरले, बोटीवर चढवले.
कान इथेच राहिला.

रोजगार कचेरीतली पिह्ला, असेल सव्वीस वर्षांची,
लोकरीचे हातमोजे टेबलावर जोडीने ठेवणारी,
तिने एक कागद दिलाय:
फोर्कलिफ्ट. वृद्धसेवा. बेकरी. संगणक, प्राथमिक.
योग्य त्या चौकटीत खूण करा.
"घाई नाही," म्हणाली. शुक्रवारपर्यंत.
कागद चांगला आहे. ऐंशी ग्रॅम.
आमचा नाही.

वेल्का शेकोटीपाशी उभी आहे.
मी ठरवेपर्यंत ती श्वास घेते,
वजन या पायावरून त्या पायावर टाकते, एवढंच.
साठ तास सोबत चाललोय आम्ही.
दलदल, मिठाची खाण, ते रात्री रडणारं गाव.
कधी विचारलं नाही, बाई, तुझा हात कशात बसतो.
विचारायची सोयही नाही म्हणा.

पण परवा, खाणीच्या तोंडाशी
तलवार हातातून उडाली तेव्हा
मी काही दाबायच्या आत
ती वाकली आणि तिने दगड उचलला.

नेम चुकला. दगड खाणीत घरंगळत गेला, बराच वेळ.
तरी त्या वाकण्यात काहीतरी होतं,
जसं आपल्याच अंगणात पडलेलं
कुणी सहज उचलावं.

दोन गुण तलवारीला दिले. ओत्सोचं मन राखायला,
आणि ती मरू नये म्हणूनही.
तिसरा गोफणीला.
खेळाने विचारलं: नक्की? हे मागे घेता येणार नाही.
एवढं तरी तो विचारतो.
ओत्सो म्हणेल, मामा, गुण उधळलेस.

तळ्याकाठी लांडगे आले.
खरं तर एकच, तोही म्हातारा.
वेल्काने गोफण गरगर फिरवली,
दगड सुटला, लांडग्याच्या डोक्यावरून गेला
आणि पाण्यात डुबुक.

आणि ती हसली.

साठ तासांत न ऐकलेलं हसू.
म्हणजे कुणीतरी, कुठल्याशा बंद खोलीत
मायक्रोफोनसमोर बसून
हे एक हसू भरून ठेवलं होतं,
हजारात एखादा गोफणीला गुण देईल
आणि तिचा नेम चुकेल, त्या वेळेसाठी.

लांडगा मला चावत होता. चावू दे.
मी आवाज वाढवला, तिला पुन्हा दगड मारायला लावला,
पुन्हा चुकली, पुन्हा तेच हसू.
त्याच्या शेवटी, अगदी शेपटाला
एक खुर्ची करकरते.

हे ओत्सोला ऐकू येणार नाही.