विहिणीचा पाय

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टेक्सासहून पार्सल आलं,
कुणीतरी फोडून पाहून पुन्हा चिकटवलेलं.
आत अर्धा किलो पेकन
आणि निळ्या शाईत विहीणबाईंचं पत्र.
रिबेकाने वाचून दाखवलं,
"नाताळात आमच्याकडे हा पाय असतोच."
मी म्हटलं, कुणाचा?
"पाय गं मावशी. खायचा."
मग आम्ही दोघी ओट्याला धरून
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

पेकन म्हणजे अक्रोडाचा शेलाटा भाऊ.
मेंदू तसाच, घड्या कमी.
फार विचार करत नसावा.

आमोसचं लग्न तिकडेच लागलं, कोर्टात.
शरणपूरच्या या खोलीत, रात्री अडीच वाजता,
मी ते शाल पांघरून मोबाइलवर पाहिलं.
रुखवत नाही, पंगत नाही,
कुणी कुणाचे पाय धुतले नाहीत.
रुसावं म्हटलं तर
रुसायलाही समोर माणूस लागतं.
पडद्याच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या नॉर्माबाई
हात हलवत होत्या.
मीही हलवला.
तेवढ्यात चित्र गोठलं,
त्यांचा हात वरच राहिला.

पत्रात सगळं कपाने मोजलेलं.
कुठल्या कपाने?
घरात एक कान तुटलेला,
एक सिव्हिलमधून रिटायर होताना नर्सेसनी दिलेला,
आणि एक ह्यांचा,
सहा वर्षं उपडा ठेवलेला.
तोच घेतला. विसळला. मोजलं.

मक्याचं सिरप हवं म्हणे.
माझ्याकडे चांदोरीच्या गुऱ्हाळावरची काकवी,
थंडीने इतकी दाटलेली
की धार तुटेना, वाट पाहत उभी राहिले.
अंडी तीन. चिमूटभर मीठ.
जायफळ पत्रात नव्हतं,
हाताने आपणहून किसलं.
लोणी गार हवं, असं दोनदा अधोरेखित केलेलं;
बाई, इथे निफाडला पारा पाचावर आलाय,
लोणी काय, मीच गार आहे.
पारी लाटली, ताटलीत बसवली,
कड मात्र करंजीच्या कातण्याने कातरली.
त्यांना कळणार नाही. कळलं तर कळू दे.

गोल ओव्हनमध्ये वीस मिनिटं झाली
आणि लाईट गेली.
शेजारच्या भालेरावांची गेली, गल्लीची गेली.
काचेतून पाहिलं तर मधला भाग
नुकत्याच निजलेल्या पोराच्या पोटासारखा हलत होता.
उठवून चालणार नव्हतं, ठेवून चालणार नव्हतं.
टॉवेलात धरून रिक्षात बसले.
दर स्पीडब्रेकरला रिक्षावाला मागे वळून विचारायचा,
"ठीक आहे ना?"
जणू आत पेशंट.

हनीफभाईंच्या भट्टीपुढे रांग,
नानकटाईचे, केकचे पत्रे,
प्रत्येकावर खडूने नाव: साळवे, पारखे, डिसोझा.
"तुमचं काय, सिस्टर?"
"पाय."
ते हसले नाहीत. चाळीस वर्षं
लोकांचं काय काय भाजून दिलेला माणूस.
"कोणाचा?"
"विहिणीचा."
त्यांनी पत्र्यावर लिहिलं: विहीण,
आणि लांब फळीने अंधाराकडे सरकवलं.

एका बाजूने जास्तच भाजला.
रिबेका म्हणाली, छान आहे, चिक्कीच्या आईसारखा.
भालेरावांनी दोनदा घेतला.
हनीफभाईंना डब्यात पाठवला, डबा रिकामा आला नाही,
आत सहा खारी.
फोटो पाठवला नॉर्माबाईंना, तिकडे सकाळ असेल.

रात्री सगळे गेल्यावर ताटली घेऊन बसले.
काकवी कडेला घट्ट धरून होती.
घासणी नको वाटली.
कोमट पाणी ओतलं, अंगठ्याने
हळूहळू, कड धरून, खाच धरून चोळत राहिले
पाणी तांबूस होईपर्यंत.

मी तर मुलाची आई.
रीत उलटीच झाली.

ताटली पुसून पालथी घातली,
ह्यांच्या कपाच्या शेजारी.
कप आता सुलटा ठेवलाय.