वजनाची वही

शालन,
फ्रीजरमधली उंदरांची शेवटची पिशवी
काल त्या घुबडवाल्या मॉरीनला देऊन टाकली.
मटारांच्या खाली होती.
अकरा वर्षं त्या कप्प्यात हात घालताना
मी डोळे मिटून घ्यायचो.
काल उघडे ठेवले.

लोक विचारतात, तुम्हांलाही होती का हो प्राण्यांची आवड?
नव्हती.
मला तुझी होती.
बाकीचं सगळं तुझ्यामागून घरात आलं.
गळ गिळलेला तो हंस, चार दिवस टबात ठिय्या देऊन बसलेला,
मला माझ्याच न्हाणीघरात पाऊल टाकू न देणारा.
खरूज झालेली कोल्हीण.
आणि हे काटेरी गोळे,
ज्यांना मराठीत धड नावसुद्धा नाही.
साळू म्हणजे वेगळं, मी सांगायचो, त्याचे काटे हातभर.
मग हा लहान साळू, तू म्हणालीस,
आणि विषय संपवून मोज्यात गरम पाण्याची बाटली घातलीस.
मोजा माझा होता.

सेव्हर्न चढली की ब्यूडलीची माणसं
गाड्या वर चढावर नेऊन लावायची.
तू गमबूट चढवून खाली नदीकडे,
कुंपणांच्या बुडाशी बॅटरी मारत.
इंग्रजी तू माणसांशी बोलायचीस, तेही मोजकं.
खोक्यात वाकलीस की थेट कराडची व्हायचीस,
काय गं बया, कुठं उलथली होतीस एवढ्या पाण्यात?
आणि ती वुस्टरशायरची बया
हळूहळू अंग सैल सोडायची, नाक बाहेर काढायची.
मला हेवा वाटायचा. आता सांगतो.

मोदकाच्या पिठासाठी घेतलेला काटा
त्यांच्यासाठी गेला.
काट्यावर काटे, मी म्हणालो होतो एकदा,
तू हसली नव्हतीस, आकडा वाचत होतीस.
वहीत तारीख, नाव, ग्रॅम.
ठकी ४१२. ठकी ४३०.
बंडोपंत ३९०, जंत, औषध दिलं.
ठकी ४५५.
पुठ्ठ्यावर लाल शाईत,
सहाशेच्या वर गेलं की सोडायचं.

मार्चपासून त्याच वहीत
मागच्या पानावरून, उलटीकडून,
तुला न सांगता मी लिहायला लागलो.
बावन्न.
एकोणपन्नास.
नर्स म्हणाली बूट काढायला विसरलो, म्हणजे अठ्ठेचाळीसच.
साडेचव्वेचाळीस.
पुढून तुझे आकडे, मागून माझे,
मधे सात-आठ कोरी पानं.
कितीच्या खाली गेलं की सोडायचं
हे तू कुठंच लिहून ठेवलं नव्हतंस.

क्रेमेटोरियमला कितीतरी अनोळखी बायका आल्या.
प्रत्येकीच्या मनगटावर ओरखडे.
त्यावरून ओळखलं, तुझ्या.
एकीच्या कोटाच्या खिशात काहीतरी हलत होतं,
तिनं प्रार्थनेच्या मधेच त्याला दूध पाजलं.
भटजी लीसेस्टरहून आलेले, ते थांबले.
मला वाटतं तेवढंच तुला आवडलं असतं.

परवा रात्री फोन.
एक पोरगा, रडवेला, मागे गाड्यांचा आवाज.
त्या काटेवाल्या बाई आहेत का?
नाहीत, म्हणणार होतो.
पत्ता सांग, म्हणालो.

शालन, दोनशे अठ्ठ्याऐंशी भरलं.
फारच कमी ना?
टॉवेल गुंडाळला, बाटली मोज्यात घातली,
मांजराचं खाणं बशीत ठेवलं,
गोचिडी काढायचा तुझा चिमटा सापडला, चष्मा सापडला नाही.
काय बोलायचं ते कळेना.
काय गं बया, म्हणून पाहिलं.
माझ्या तोंडी ते अगदीच नाटकी वाटलं.
ती घट्ट मिटूनच राहिली.

वहीत पुढच्या बाजूला, तुझ्या शेवटच्या ओळीखाली
तारीख लिहिली, ग्रॅम लिहिले.
नाव सुचेना. जागा सोडली आहे.

आता पहाटेचे तीन.
जिन्यावर बसलोय, पाय गारठलेत.
आत खोक्यात बराच वेळ काही नाही.
मग बशी सरकल्याचा आवाज.