आठ मिलिमीटर

उद्यमनगरात चौतीस वर्षं मी लाकडाचे साचे केले,
पंपाच्या पोटाचे, पुलीचे,
ट्रॅक्टरच्या कुठल्याशा दांडीचे.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून साचा कायम थोडा मोठा ठेवायचा.
त्या थोड्याचाच मला पगार होता.

मग साचे कॉम्प्युटरवर निघू लागले
आणि मी पाचगावच्या घरी, परसात,
शेवग्याखाली सागाचे तुकडे घेऊन बसलो.
शालन म्हणाली, देव्हारा करा.
मी दोन मधपेट्या केल्या.

मापं सातापा डवरनं फोनवर सांगितली,
भुदरगडाच्या रानातनं, रेंज तुटत तुटत:
"दोन पोळ्यांच्या मधी आठ मिलिमीटर.
जादा ठेवलंसा तर मेणानं भरून टाकतील,
कमी ठेवलंसा तर माशीला अंग वळवता यायचं न्हाई."
मी व्हर्नियर काढला.

तो गारगोटीच्या एसटीनं आला,
मांडीवर दोन खोकी, तोंडाला मलमल बांधलेली.
कंडक्टरनं विचारलं, काय हाय रं?
"पाव्हण्या हाईत," म्हणाला, "फाडा तिकीट."

पेट्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी.
आतून गवती चहा चोळलेला.
दिवस कलल्यावर त्यानं एकेक पोळं
माझ्या चौकटींत बांधून आत सोडलं,
बाळंतिणीच्या खोलीत ताट ठेवावं तसं, आवाज न करता.
"ही बगा राणी."
मला दिसली नाही.
"ही, ही, लांबडी."
मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी डाव्या पापणीवर डंख.
शालन म्हणाली, मशिनवर दहाच्या दहा बोटं राखलीत,
आता डोळा घालवा.

फुलांची यादी केली होती मी, वहीत, तारखेसकट:
शेवगा, लिंबू, जुलेखाभाभींच्या दारची तुळस.
त्या यादी ओलांडून ओढ्यापलीकडं गेल्या,
सरळ गुऱ्हाळावर.
मी पोचलो तेव्हा गुळव्या झाऱ्यानं फेस काढत होता,
फेसात माशा.
"तुमच्या व्हय ह्या?
दिसाला पाच-पन्नास मरत्यात बगा काहिलीत."
दुसऱ्याच्या बांधावर आपलं पोर
ऊस मोडताना सापडावं, तशी मान खाली गेली.
पहिल्या मधातली बाटली त्याला कबूल करून आलो.
मधाचा अजून थेंब नव्हता.

नवव्या दिवशी, दुपारी जेवताना,
परसात कुणीतरी मोटर चालू केल्यासारखं झालं.
हात खरकटा तसाच, मी बाहेर.
डाव्या पेटीच्या दारातून त्या सांडत होत्या,
सांडून वर जात होत्या.
भाभींनी भिंतीपलीकडून परात बडवली, मूठभर माती उधळली.
चिंचेच्या फांदीवर घटकाभर लोंबल्या,
मग कात्यायनीच्या डोंगराकडं.
थोड्या वेळानं आकाश
जसं होतं तसं.

सातापा म्हणाला, "सातेरीच ती. मनाला आलं की निघाली.
पेटी हलवू नका. वास हाय तवर कोण ना कोण यील."

संध्याकाळी झाकण काढलं.
आत नवं पोळं, तळहाताएवढं,
कोऱ्या धोतरासारखं पांढरं,
माझ्या चौकटी सोडून तिरकं, आपल्याच मनानं लोंबणारं.
ते आणि शेजारचं जुनं, मधलं अंतर मोजलं.
पुन्हा मोजलं.
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
तिरकं होतं, पण जागा बरोबर सोडली होती.

उजवी पेटी अजून आहे.
रात्री तिच्या फळीला कान लावतो,
लांबच्या फाउंड्रीत भट्टीचा पंखा
मंद ठेवलेला असावा, तसं काही.
स्वयंपाकघरातून शालन विचारते, आहेत का?
आहेत, म्हणतो.
आणि राणी?
तीही असेल.
मला अजून दिसलेली नाही.