नमुना क्रमांक सतरा

पाषाण तलावातून सहा, संगमाच्या खालून पाच,
मुंढव्याच्या बंधाऱ्यापाशी सात,
अशा अठरा जलपर्ण्या आणल्या
ओल्या पेपरात गुंडाळून, भाजीच्या पिशवीतून.
पीएमटीत कंडक्टरनं वाकून पाहिलं :
ताई, ही कसली भाजी?

मुंढव्याला तुळशीराम परदेशी
आकड्यानं ओढून देत होते.
जातीनं भोई. आधी इथंच जाळं टाकायचे,
आता ठेकेदाराकडे रोजावर नदी साफ करतात.
"आडनाव आमचं परदेशी,
पण चार पिढ्या ह्याच पाण्यात.
हिला आडनावच नाही, अन् अख्खी नदी हिच्या नावावर."
बाटलीच्या काचेनं माझं बोट कापलं,
त्यांनी वर चिमूटभर तंबाखू दाबली.

पान लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवलं
की खलात कुटताना काचेसारखं फुटतं.
रात्री जेलवर रेघा उमटल्या.
अठरा रकाने, प्रत्येकात त्याच सात,
जणू एकाच मुलीनं
अठरा वह्यांवर स्वतःचंच नाव घातलंय.

देठातून देठ, देठातून देठ.
म्हणजे पाषाणची आणि मुंढव्याची
बहिणी नव्हेत, मायलेकीही नव्हेत,
तीच ती.
आतेसासूपासून साडूपर्यंत
सगळ्यांना शब्द आहेत आपल्याकडे,
ह्या नात्याला नाही.

फक्त सतराव्यात आठवी रेघ.
फिकट, पण होती.
दोन रात्री झोप नाही.
तिला ठेवायचं नावही मनात ठरवून झालं.
शेवडेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला :
"पुन्हा कर. हातमोजे घालून."
केलं.
रेघ गेली.

माझी असेल ती. किंवा तंबाखूची.
प्रबंधात एवढंच लिहिलं :
भेद आढळला नाही.

बंधाऱ्यावर जाऊन सांगितलं त्यांना.
ते आकडा टेकवून ऐकत राहिले.
"म्हणजे एकीला मारणारं काही सापडलं
तर समद्या जातील?"
जातील बहुतेक, मी म्हटलं.
त्यांनी मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरली.
"अन् मग माझा रोज?"

खाली पाणी कुठंच दिसत नव्हतं.
एक पाणकोंबडी
ह्या काठावरून त्या काठाला
चालत गेली.