अढी

ऑर्विल म्हणाला, मोठ्या गावांची नावं विसर, बाय,
एका बाटलीत तुझा सहा महिन्यांचा मेंटेनन्स जाईल.
जरा दक्षिणेला उतर. जिव्री, मर्क्युरे.
द्राक्ष तेच, पत्ता स्वस्त.
मला लगेच पटलं. मीही पाली हिल सांगते
आणि राहते खार दांड्याच्या वळणावर.

दोन हजार दहाची बाटली त्याने दिव्यासमोर धरली.
बुचाखाली बोटभर रिकामं, चालेल.
"वीज गेली होती कधी?"
"एकदा, मे महिन्यात, पाच तास.
कोळणीकडून बर्फाच्या लाद्या आणल्या मी."
लेबलावर पाण्याचा डाग होता. खोटं नसावं.

आई आंबा कधी दाबायची नाही, हुंगायची.
म्हणायची, उद्या नको, आजच काप.
बाटली हुंगता येत नाही.
बर्फ आणणाऱ्या माणसावर भरवसा ठेवायचा, बस.

रात्री श्रीरंग जेवायला येतोय.
ही द्राक्षं खुडली त्याच वर्षी
आईच्या जागेच्या कागदांवरून आमचं बोलणं थांबलं.
तेव्हा ही दारू तुरट असणार,
जीभ आवळून धरणारी.
आम्ही काय वेगळे होतो?

अढीतून उशिरा काढलेला हापूस
वरून पिवळाधमक, बाठीपाशी काळा.
तरी विचारलंच, अजून तीन वर्षं ठेवू का?

ऑर्विलने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली.
"आजच. घरी गेल्यावर उभी ठेव,
गाळ तळाला बसू दे.
आणि शेवटचा घोट
कुणालाच ओतू नको."